चंद्रोदय कायमचा पुसताना

घटना रविवारची. कतारमध्ये कामाचा आठवडा रविवारी सुरू होतो, त्यामुळे रविवारच्या ईमेलमध्ये एक ताजा उत्साह असतो. आमच्या कंपनीच्या आयटी विभागाने त्याच उत्साहात कळवलं की येत्या गुरुवारी सगळ्यांचे लॅपटॉप तपासले जातील, आणि ज्याच्या लॅपटॉपवर कंपनीने न दिलेलं सॉफ्टवेअर सापडेल त्याला समक्ष खुलासा करावा लागेल. ‘समक्ष’ हा शब्द जाड टाइपात होता.

मी मेसईदच्या एका कारखान्यात रोजचा अहवाल लिहितो. कोणता पंप चालला, कोणता थांबला, कुठे गळती झाली आणि कुठे नुसती झाल्यासारखी वाटली. दुपारी चारच्या आत अहवाल जातो. आजवर तो कधी उशिरा गेलेला नाही. ही बढाई नाही, माहिती आहे. अशा माणसाच्या लॅपटॉपवर गैर काय असणार, असं कुणालाही वाटेल. मलाही ईमेल वाचून होईपर्यंत तसंच वाटत होतं. मग मला शुभघटी आठवलं.

शुभघटी हे पंचांगाचं सॉफ्टवेअर. माझा पंचांगाशी संबंध तसा जेवणापुरता. पण दोह्याच्या अबू हमूर भागातल्या आमच्या व्हिलांच्या वसाहतीत पुण्या-नाशिकची बरीच घरं आहेत, त्यातली निम्मी संकष्टी करतात, आणि संकष्टीचा उपास चंद्रोदयाला सुटतो. भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदय पुण्याचा. मोबाइलवरच्या पंचांगांचा तर भरवसाच नाही. आमच्या शेजारच्या कुशल चिंदरकरचा फोन दोह्यात येऊन इतकी वर्षं झाली तरी स्वतःला कोथरूडमध्ये समजतो. एका संकष्टीला अर्ध्या वसाहतीने चंद्र उगवायच्या आधीच मोदक खाल्ले आणि उरलेल्या अर्ध्या वसाहतीने ते पुढचा महिनाभर ऐकवलं. तेव्हा असं ठरलं की हे काम नेमक्या माणसाकडे द्यावं. माझ्या नेमकेपणाचं हे पहिलं आणि शेवटचं जाहीर कौतुक. घरचा संगणक बंद पडला होता, म्हणून पुण्याहून पेनड्राइव्हवर आलेलं शुभघटी मी ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकलं. तसं ते कुणालाही टाकता येत नाही. पण अहवालाच्या एका जुनाट प्रोग्रॅमसाठी आयटीने मला विशेष पासवर्ड दिला होता. माझ्यावर विश्वास होता म्हणून.

शुभघटीत गावाचं नाव घालून दोह्याचा चंद्रोदय मिनिटापर्यंत मिळत असे. शिवाय न मागताही बरंच मिळत असे. राहुकाळ सुरू झाला की देवळातल्यासारखी घंटा वाजे आणि एक गंभीर पुरुषी आवाज तसं जाहीर करी. मी ऑफिसात आवाज बंद ठेवायचो आणि विसरून जायचो.

आता विसरून चालणार नव्हतं. माझ्या नोकरीचा करार त्याच आठवड्यात नूतनीकरणासाठी एचआरच्या टेबलावर पडला होता. करार गेला की नोकरी जाते, नोकरीबरोबर व्हिसा, आणि मग आमच्या मुलीची, ईश्वरीची, दहावी अर्ध्यात सोडून विमानात बसायचं. पुण्यात गेल्यावर लोक विचारणार, का हो परत आलात? त्यांना काय सांगायचं, चंद्र उगवला म्हणून?

संध्याकाळी घरी येऊन बूटही न काढता मी शुभघटी काढायला बसलो. पडद्यावर सूचना आली : ‘सध्या राहुकाळ सुरू आहे. या काळात कोणत्याही कार्यास आरंभ करू नये. तरीही पुढे जायचे?’

मी ‘होय’ दाबलं. थोडं गरगरून उत्तर आलं : ‘शुभघटी काढले आहे. आपले कल्याण असो.’

“किती सभ्य आहे रे,” माझी बायको नीता मागून म्हणाली. “तुमच्या एचआरवाल्यांनी शिकायला हवं.”

प्रकरण इथेच संपलं असतं. पण चहाच्या वेळी कुशल आला. कुशल मोठमोठ्या इमारतींचे एसी बघतो आणि त्यामुळे, का कोण जाणे, जगातल्या सगळ्या यंत्रांबद्दल त्याचं मत असतं.

“काढलंस म्हणजे काय केलंस?” त्याने विचारलं.

“काढलं. कल्याण असो म्हणालं.”

“खासनीस, तू फक्त दारावरची पाटी काढलीस. माणूस आतच बसलाय. आयटीवाले काय पाटी बघणारेत होय? ते आत शिरतात.” मग त्याने माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला. हे तो कुणाच्याही घरी, कुणाच्याही वस्तूबाबत करतो. “एक फुकट क्लीनर आहे. मी स्वतः वापरतो. मुळापासून साफ करतो.”

क्लीनर आला. त्याने माझ्या स्वच्छ लॅपटॉपवर पाचशेच्या वर गंभीर धोके शोधून काढले आणि ते घालवण्यासाठी डॉलर मागितले. कुशल म्हणाला, डॉलर द्यायचे नसतात, नुसतं बंद करायचं. बंद केल्यावर कळलं की क्लीनर एकटा आलेला नाही. त्याच्याबरोबर एक हवामान सांगणारा आला होता, एक पत्त्यांचा खेळ आला होता आणि तुर्की भाषेतलं काहीतरी आलं होतं. स्वतःची जाहिरात नीट ऐकू जावी म्हणून क्लीनरने आवाजही पूर्ण वाढवून ठेवला होता. ही शेवटची गोष्ट त्या वेळी माझ्या लक्षात आली नाही.

ती सोमवारी आली. सोमवारी राहुकाळ सकाळी साडेसातला लागतो, आणि आमच्या प्लांटची सकाळची मीटिंगही साडेसातलाच लागते. मॅनेजर कॉम्प्रेसरबद्दल बोलत होते. माझ्या बॅगेतून देवळातली घंटा घणघणली आणि गंभीर पुरुषी आवाज म्हणाला, “राहुकाळ प्रारंभ.”

माणूस खरोखरच आत बसला होता.

पेट्रोकेमिकल कारखान्यात घंटा वाजली की माणसं विचार करत नाहीत. तसं त्यांना शिकवलेलंच असतं. खुर्च्या सरकल्या, हेल्मेटं डोक्यावर गेली, कुणीतरी “यल्ला, यल्ला”, म्हणजे चला चला, असं ओरडलं आणि मॅनेजरसकट सगळी मीटिंग बाहेरच्या जमण्याच्या जागेकडे चालू लागली. त्यांना बघून पलीकडच्या वर्कशॉपमधली माणसंही निघाली. मी बॅग छातीशी धरून सगळ्यांच्या शेवटी गेलो. उन्हात सगळ्यांची मोजदाद झाली, कुणीही कमी नव्हतं. वायूही कुठे गळत नव्हता.

“ड्रिल था क्या?” मॅनेजरांनी सेफ्टीवाल्यांना विचारलं. सेफ्टीवाल्यांना माहीत नव्हतं, पण माहीत नाही असं सेफ्टीवाले कधी म्हणत नाहीत. ते म्हणाले, “रिस्पॉन्स बहुत अच्छा था, सर.”

आता गंमत अशी की रोजचा अहवाल मी लिहितो. घडलं ते लिहायचं, न घडलं ते लिहायचं नाही, हा माझा नियम. त्या दुपारी बराच वेळ कोऱ्या रकान्याकडे बघून मी लिहिलं : ‘सकाळी अनियोजित सराव झाला. सर्वजण शिस्तीत जमले.’ यातला एकही शब्द खोटा नाही. पण लिहिताना मान खाली गेली. शिवाय आवाज नेमका कुठून आला हे शोधायचं काम मॅनेजरांनी सेफ्टीवाल्यांकडे दिलं होतं, आणि ते लोक जिन्यातले स्पीकर उघडून बघत होते.

सोमवारी रात्री जेवताना मी जाहीर केलं की उद्या हे पाप मी मुळासकट उपटणार. नीताने कॅलेंडरकडे बघितलं. उद्या मंगळवार होता आणि चतुर्थी होती. म्हणजे अंगारकी.

मंगळवारी मी बसमधून उतरतो न उतरतो तोच पूर्णिमावहिनी फाटकात उभ्या. या कुशलच्या पत्नी. एरवी अतिशय समंजस बाई, पण सकाळपासून पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं.

“भाऊजी, कुशल सांगत होता तुम्ही ते काढून टाकलंत?”

“हो वहिनी. नाइलाज होता.”

“अहो, पण अंगारकीला? साध्या संकष्टीला काढलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. एकवीस माणसं आहेत. आपला शहाजी त्याच्या लेबर कॅम्पवरून मोदकाला येतोय, ड्यूटी बदलून. त्याला काय सांगू, खासनिसांची नोकरी जाणार आहे म्हणून तू आज उपाशी झोप?”

“मोबाइलवर बघा ना.”

“कुशलच्या?” त्यांनी विचारलं.

माणूस किती वेळ ताठ राहणार? मी पेनड्राइव्ह काढला आणि शुभघटी पुन्हा टाकलं. ‘पुनरागमनाचे स्वागत’, असं त्याने लिहिलं. ठरल्या मिनिटाला घंटा वाजली, वसाहतीत ताटं वाढली गेली, शहाजीने उकडीच्या मोदकांवर तुपाची अशी धार धरली की कुशलने त्याला भांडं खाली ठेवायला सांगितलं. जेवणं झाल्यावर मी शुभघटी पुन्हा काढलं. कल्याण असो, वगैरे.

आवाज बंद केला तरी क्लीनर तो परत चढवून ठेवी; बुधवारी दुपारी राहुकाळाला घंटा दोनदा वाजली. आधीची आत होतीच, तिला जोडीदारीण मिळाली होती. नशिबाने त्या वेळी मी लॅपटॉप घेऊन स्वच्छतागृहात गेलो होतो. लॅपटॉप घेऊन स्वच्छतागृहात जाणारा माणूस सहकाऱ्यांना कसा दिसतो, याची नोंद अहवालात करण्याची गरज नसते.

तपासणी दुसऱ्या दिवशी होती. बुधवारी संध्याकाळी कुशल मला अल अझीझियातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार अरहान हैदराबादचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि दयेने माझ्याकडे पाहिलं.

“साब, डिलीट करने से कुछ नहीं जाता. पता मिट जाता है, मकान वहीं खड़ा रहता. जाननेवाला आदमी आके निकाल लेता. पक्का मिटाना है तो पूरी डिस्क पे झाड़ू मारना पड़ता. ऊपर से दूसरा लिखना, फिर उसके ऊपर लिखना. फिर कोई नहीं निकाल सकता.” मग त्याने काउंटरवर वाकून आवाज खाली आणला. “वैसे है क्या इसमें?”

“चंद्रोदय,” मी म्हणालो. “चाँद निकलने का टाइम.”

“हाँ साब,” अरहान म्हणाला. “सब लोग ऐसाच कुछ बोलते.”

माझ्या पांढऱ्या कल्ल्यांकडे बघून तरी त्याने असं म्हणायला नको होतं. मी काही बोलणार तेवढ्यात कुशल म्हणाला, “भाई, कल जाँच है. जो है सब साफ कर दो.”

“सब?”

“सब. खलास.”

अरहानने माझ्याकडे पाहिलं. अहवाल सगळे सर्व्हरवर असतात, माझं स्वतःचं काही लॅपटॉपवर नाही, हे मी मनात तपासून पाहिलं आणि मान हलवली. त्या मान हलवण्यात मला त्या आठवड्यात पहिल्यांदाच बरं वाटलं. शेजारी करक, म्हणजे इथला वेलदोड्याचा कडक चहा, पिऊन आम्ही परतलो तेव्हा काम झालं होतं. घंटा गेली होती. घंटेची जोडीदारीण गेली होती, तुर्की गेलं होतं, पत्ते गेले होते. कंपनीचं बोधचिन्ह, कंपनीचा पासवर्ड, कंपनीचे सगळे प्रोग्रॅम आणि ज्याच्यावर लॅपटॉप चालतो ते मूळ तंत्रही गेलं होतं. काळ्या पडद्यावर एक बारीक पांढरी रेघ तेवढी लुकलुकत होती.

“नया जैसा,” अरहान म्हणाला.

घरी नीताने त्या रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“श्याम, तपासणीच्या आदल्या संध्याकाळी अख्खी डिस्क पुसून टाकणारा माणूस बाहेरून कसा दिसतो, याचा विचार केलास का?”

मी केला नव्हता. आता केला, आणि खुर्चीत बसलो. पंचांग सापडलं असतं तर मी फार तर भाविक ठरलो असतो. आता मी असा माणूस होतो ज्याने गॅसच्या कारखान्यातल्या लॅपटॉपवरचं काहीतरी, कुणाला कधीच सापडू नये म्हणून, पैसे देऊन नष्ट केलं होतं.

“सांग, पाण्यात पडला,” कुशल म्हणाला.

“कोरडा आहे.”

“मग टाकू ना पाण्यात.”

“कुशलभाऊजी,” नीता म्हणाली, “तुम्ही घरी जा. पूर्णिमा वाट बघत असेल.” ईश्वरीने हेडफोन बाजूला करून विचारलं, “बाबा, आर वी गोइंग बॅक टू पुणे?” आणि उत्तर न ऐकताच हेडफोन परत लावले. मला वाटतं, तिला उत्तर ऐकायचं नव्हतं.

“तू जे झालं ते सांग,” नीता मला म्हणाली. “तुला दुसरं काही जमतही नाही.”

गुरुवारी मी अदीबांच्या खोलीबाहेर बसलो होतो. या आमच्या आयटी सुरक्षेच्या प्रमुख, जॉर्डनच्या. त्या हसतात की नाही याबद्दल ऑफिसात दोन मतं आहेत. आत बोलावून त्यांनी लॅपटॉप उघडला. रेघ लुकलुकली.

“हे कुणी केलं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

“मी.”

“का?”

मी सांगितलं. दुसऱ्याला आपल्या भाषेबाहेर संकष्टी समजावणं हे अहवाल लिहिण्याहून अवघड काम आहे. उपास, चंद्र, गोड पदार्थ, पूर्णिमावहिनी, कोथरूडमध्ये राहणारा फोन, अंगारकी. अदीबा ऐकत होत्या. मधेच त्यांनी त्यांच्या पडद्यावर काहीतरी उघडलं आणि वाचायला लागल्या. माझं बोलणं आपोआप थांबलं.

“तुमच्या लॅपटॉपची प्रत रोज आमच्या सर्व्हरवर येते,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांचीच येते. तुम्ही इथलं पुसलंत. तिथलं आहे.”

“सगळं?”

“सगळं. चंद्राचं ते सॉफ्टवेअर तुम्ही टाकलंत तेव्हापासून मला माहीत आहे. चंद्रोदयाची वेळ सांगतं, बाहेर काही पाठवत नाही. रमजान आला की इथे निम्म्या लोकांच्या मशिनवर चंद्राचं काही ना काही असतंच. मला वाटलं तुम्हीही उपास करता.”

“बायको करते,” मी म्हणालो. “मी मोदक खातो.”

त्या हसल्या की नाही याबद्दल माझंही मत अजून पक्कं नाही.

“रविवारी तुम्ही ते काढलंत. मंगळवारी परत टाकलंत. मंगळवारीच परत काढलंत.” त्या वाचत होत्या. “यात मला काही अडचण नाही. अडचण ही.” त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. कुशलचा क्लीनर. “हा पासवर्ड चोरतो. आत बसून राहतो, काढला तरी जात नाही. गुरुवारची तपासणी असल्या गोष्टींसाठीच होती. काल रात्री प्रती चाळताना तो मला दिसला, आणि आज सकाळपासून मी या एका मशिनची वाट बघत होते. हा तसाच घेऊन तुम्ही आज तपासणीला आला असतात तर आज आपण एचआरच्या खोलीत बसलो असतो.”

“आणि आता?”

“आता तुम्ही त्याला जाळून आलात.” त्यांनी काळ्या पडद्याकडे जवळजवळ आदराने पाहिलं. “मीही हेच केलं असतं. बाहेरच्या दुकानात नेलं नसतं. पुन्हा नेऊ नका. तो विशेष पासवर्ड आजपासून बंद.”

मी मान हलवली. बंद करा, हवं तर अहवालही बंद करा, अशी माझी अवस्था होती. पाठीवरून कुणीतरी सिमेंटची गोणी उतरवल्यासारखं झालं आणि ती इतके दिवस पाठीवर होती हे तेव्हाच कळलं.

“मी शनिवारची प्रत परत टाकते,” अदीबा म्हणाल्या. “त्यात क्लीनर नाही. चंद्र आहे. ठेवू की वगळू? एक खूण काढायची आहे फक्त.”

एक खूण. रविवारपासून मी, कुशल, अरहान आणि अर्धी वसाहत जिच्या मागे होतो ती गोष्ट एका खुणेवर होती. माझ्या डोळ्यांपुढे पूर्णिमावहिनी फाटकात उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे उपाशी माणसं उभी होती, आणि सगळ्यात मागे शहाजी, हातात तुपाचं भांडं घेऊन. मग मला आवाज बंद ठेवायची ती रोजची धडपड आठवली.

“वगळा,” मी म्हणालो.

“नक्की? पुन्हा मिळणार नाही.”

“म्हणूनच,” मी म्हणालो आणि पेनड्राइव्हही त्यांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी खूण काढली. मी उठलो, तेव्हा त्यांनी मान वर न करता विचारलं, “ते घंटा वाजवतं का?”

मी अहवाल लिहिणारा माणूस. “वाजवायचं,” मी म्हणालो.

“सोमवारी साडेसातला?”

मी बॅगेचा पट्टा नीट केला.

“सेफ्टीवाल्यांना मी काही सांगणार नाही,” त्या म्हणाल्या. “त्यांना तो सराव फार आवडलाय.”

दुपारी अहवाल वेळेवर गेला. पुढच्या आठवड्यात कराराची सही झाली. ईश्वरीला सांगितलं तेव्हा ती “ओके” म्हणाली आणि बराच वेळ विनाकारण माझ्या शेजारी बसून राहिली. कुशलला मी क्लीनरबद्दल सांगितलं. तो रागावला. त्याच्या मते अदीबांना यातलं काही कळत नाही. पण त्या संध्याकाळी तो आमच्याकडे आला नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याने नवीन फोन घेतल्याचं वहिनींकडून समजलं.

मग संकष्टी आली. संध्याकाळी वहिनींचा फोन आला नाही, कारण आता फोन करून उपयोग नव्हता. सगळे आपण होऊन त्यांच्या गच्चीवर जमले. हवेत धूळ होती, विमानतळाच्या बाजूला आकाश तपकिरी दिसत होतं. वेगवेगळे फोन वेगवेगळ्या वेळा सांगत होते. कुशलचा नवीन फोनही कोथरूडमध्येच होता; जुन्यातलं सगळं त्याने मुळापासून त्यात उतरवून घेतलं होतं. खालून उकडीचा वास येत होता. मी कठड्याला टेकून उभा होतो, खिशात काही नाही, डोक्यात काही नाही. महिन्याच्या या संध्याकाळी मी नुसता शेजारी होतो.

पाण्याच्या टाक्यांमागून आधी थोडा उजेड आला, मग तांबूस कड, आणि बघता बघता अख्खा चंद्र वर आला. एका बाजूने थोडा झिजलेला, धुळीने माखलेला, पण शंकेला जागा नसलेला. शहाजीने हात जोडले.

जिन्याकडे मात्र कुणीच हललं नाही. मी मागे वळून पाहिलं. सगळे माझ्याकडे बघत होते.

“भाऊजी,” पूर्णिमावहिनी म्हणाल्या, “झाला का हो चंद्रोदय?”

मी चंद्राकडे पाहिलं. मग घड्याळाकडे पाहिलं.

“झाला,” मी म्हणालो, आणि माणसं जेवायला धावली.